एकशे साठ अंश आणि मामाचा पाय

आमच्या कारखान्यात माल पास की नापास हे एक बाळ ठरवतं. शाम्पूच्या बाटलीवरच्या लेबलावर ते छापलेलं आहे, दोन दातांचं, हसरं, गालावर खळी असलेलं. लेबल म्हणजे प्लॅस्टिकची सैल नळी. ती बाटलीवर चढवायची आणि बाटली गरम हवेच्या बोगद्यातून न्यायची, की नळी आवळून घट्ट बसते. हवा एकशे साठ अंशांवर असली तर बाळ हसतं. दहा अंश जास्त झाले तर त्याचे ओठ खाली ओढले जातात आणि ते भोकाड पसरतं. कमी पडले तर नळी सैल राहते, गाल लोंबतात आणि बाळ थेट आमच्या आजोबांसारखं दिसायला लागतं. तशी बाळं कोणी विकत घेत नाही.

ही हवा बावीस वर्षं माझा मामा सांभाळत होता. सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. कारखान्यात मात्र तो सगळ्यांचाच मामा होता. मालकीणबाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्याही त्याला मामाच म्हणत. बोगद्याच्या मागे त्याचं स्टूल, डोळ्यांसमोर तापमानाची तबकडी आणि पायाखाली एक पॅडल. पॅडल दाबलं की मागची झडप उघडायची आणि थोडी हवा तापवणाऱ्या कॉइलवरून न जाता मागच्या मागे निसटायची. मोठी बाटली आली की पंखा जोरात फिरवावा लागतो, छोटी आली की हळू. हवा वाढली की बोगदा गार पडतो, कमी झाली की भडकतो. हे सगळं मामा पायानं सावरायचा. कसं ते त्यानं कधी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं काहीतरी भलतंच सांगितलं असतं म्हणा.

मग मागच्या वर्षी मामा मुलीच्या बाळंतपणासाठी चार दिवस रजेवर गेला. त्या चार दिवसांत कारखान्यात साडेअकरा हजार बाळं रडली. मामाची नात तेवढी हसरी निघाली. शाम्पूवाल्या कंपनीनं कळवलं, की तुमचं यंत्र एका माणसाच्या पायावर चालत असेल तर आम्ही दुसरा कारखाना बघतो. ते आपलं आपण चालेल असं करा, आमचा माणूस येऊन तपासेल.

म्हणून मला घेतलं. वशिला अर्थात मामाचाच. मामा महिनाअखेर निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी बसणारी डबी तयार करायला त्यानं भाचीला आणली, हे त्याला स्वतःलाच फार गमतीचं वाटायचं. मालकीणबाईंनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. तपासणी शुक्रवारी होती. यंत्र पास झालं तर मी कायम, नाहीतर शनिवारपासून घरी. आधीच्या दोन नोकऱ्या मी माझ्या तोंडामुळे घालवल्या होत्या. घरी माझी खाट धाकट्या भावाच्या खोलीत टाकलेली होती आणि रोज सकाळी आई “मग आज काय करणार आहेस?” असं इतक्या प्रेमानं विचारायची की त्यापेक्षा शिव्या बऱ्या. ही नोकरी मला हवी होती. एवढी हवी होती की सहा महिन्यांत मी कोणाला उलटून बोलले नव्हते, मामा सोडून.

तर ती डबी, म्हणजे कंट्रोलर. ती सेन्सरला विचारते की किती तापलं, हवं तेवढ्याशी ताडून बघते आणि कॉइलला किती वीज द्यायची ते ठरवते. तिच्यात तीन आकडे भरावे लागतात, आणि ते एकमेकांशी जमवून घेणं यातच सगळी कला आहे. मी त्यांना आमच्या घरातल्या तीन बायकांची नावं दिली होती. पहिला आकडा आई. समोर जेवढी चूक दिसेल तेवढंच बोलणार, पण लगेच बोलणार. दुसरा मामी. ती बोलत नाही, साठवते, आणि चूक पार मिटेपर्यंत सोडत नाही. तिसरा आत्या. चूक व्हायच्या आधीच तिला दिसतं की हे कुठे चाललंय. आई जास्त झाली की तापमान उड्या मारतं. आत्या जास्त झाली की सेन्सर नुसता थरथरला तरी ती दचकून उठते.

सगळ्यात छळलं मामीनं. गार यंत्र दीड मिनिटात एकशे साठवर न्यायचं होतं. तेवढ्या वेळात मामीकडे इतका राग साठायचा की एकशे साठ झाले तरी ती थांबायची नाही, एकशे नव्वदपर्यंत जाऊन यायची. शेवटी मी असं केलं, की कॉइल पूर्ण जोरात चालू असेपर्यंत मामीनं मोजायचंच नाही. मग ती वठणीवर आली. खऱ्या मामीला असं काही सांगायची माझी छाती नाही.

सोमवारी आकडे जमायला लागले. मंगळवारी तर कमाल झाली. मी पंखा हळूचा जोरात केला, जोरातचा हळू केला, मध्येच अर्ध्यावर आणला, पण तापमान एकशे साठच्या आसपासच घुटमळत राहिलं. बोगद्यातून बाळांची रांग हसत बाहेर येत होती. मामा मागे स्टुलावर बसून तबकडीची काच फडक्यानं पुसत होता. त्याला आता काही कामच नव्हतं, म्हणून मला थोडं वाईटही वाटलं. संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं, की लोक या कामाला महिना महिना लावतात, मी दोन दिवसांत केलं. फुशारकी मारायला आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही.

बुधवारी सकाळी मामा दाढ काढायला गेला, आणि यंत्राला वेड लागलं.

पंखा वाढवला की तापमान पंधरा अंश खाली, मग वीस अंश वर, मग पुन्हा खाली. बाळं रडली, मग म्हातारी झाली, मग पुन्हा रडली. मी सेन्सर बदलला. वायर उघडून पुन्हा जोडल्या. आईला थोडं दाबलं, आत्याला थोडं वाढवलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अकरा वाजेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले होते आणि मी पंख्याच्या मोटारीशी अशा भाषेत बोलत होते, की पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बायका काम सोडून ऐकायला लागल्या. पॅकिंगला सहाजणी आहेत. कारखान्यात कुठे काय झालं हे मालकीणबाईंच्या आधी त्यांना कळतं.

बारा वाजता मामा गालाला रुमाल लावून आला आणि स्टुलावर बसला. यंत्र लगेच सुतासारखं सरळ. तेवढ्यानं माझ्या डोक्यात काही आलं नाही, मी मूर्खासारखी खूश झाले. पण तासाभरानं मामा दाढेतलं रक्त थुंकायला मोरीकडे गेला आणि बाळं रडायला लागली. तो परत येऊन बसला आणि ती हसली. हे एकदा झालं, दोनदा झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणावं, तर हा कावळा फार नेमानं बसत होता.

 मामा पातळ भात चावायचा प्रयत्न करत होता, तेवढ्यात मी पॅडलखाली एक छोटा सेन्सर चिकटवला, पॅडल किती खाली गेलं ते मोजणारा. त्याची वायर स्टुलाच्या पायामागून नेली. मग जेवणानंतर तासभर पंखा वरखाली करत बसले आणि कॉम्प्युटरवरचा ग्राफ बघितला. दोन रेघा होत्या. वरची तापमानाची, जवळजवळ सरळ. खालची पॅडलची, आणि ती डोंगरदऱ्यांची होती. मी दर वेळी पंखा वाढवला, की तापमान पडायच्या आधीच मामाचा पाय खाली गेला होता, आणि मग हळूहळू, कोणाला कळणार नाही असा वर आला होता. डबीला काही करायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती. फडकं तबकडीवर फिरत होतं आणि खाली पाय चालू होता.

मी स्टुलासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, की हे कधीपासून.

“सोमवारपासून,” मामा म्हणाला. सुजलेल्या गालामुळे तो आणखीच निरागस दिसत होता. “तुझी डबी चुकत होती गं. मी नुसतं सावरलं. बाहेरच्या माणसासमोर तुझी लाज जायला नको.”

“बाहेरचा माणूस शुक्रवारी येणार आहे, मामा. सोमवारी इथे तू आणि मीच होतो.”

“मग घरातल्या माणसासमोर.”

त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मी रडकुंडीला आले होते आणि रडायच्या आधी मी नेहमी भांडते. मामानं माझं भलंच केलं होतं. त्या भल्यानंच माझी वाट लागली होती. तीन दिवस मी जे आकडे जमवले ते यंत्राचे नव्हतेच. यंत्र अधिक मामा, अशा जोडीचे ते आकडे होते. त्यातला मामा महिनाअखेर घरी जाणार होता, आणि शुक्रवारी त्याला हात किंवा पाय लावायची परवानगी नव्हती. जगात कंट्रोलर चुकीचे जमवणारे पुष्कळ असतील, पण मामासकट जमवणारी मी एकटीच.

तासभर अबोला धरल्यावर मला सुचलं की याला एक गोष्ट विचारायची राहिलीच. तापमान पडायच्या आधी याला कळतं कसं?

मामानं आधी दाढ दुखत असल्याचं नाटक केलं, मग सांगितलं. पंख्याचा सूर बदलतो. हवा बदलली की तबकडीला ते कळायला चार सेकंद लागतात, कानाला लगेच कळतं. तबकडीकडे बघून पाय दाबला तर तोवर बाळ रडलेलंच असतं. तबकडी तो फक्त पुसायचा.

मी कपाळावर हात मारून घेतला. आई, मामी, आत्या या तिघीही चूक झाल्यावरच बोलणाऱ्या. आत्यासुद्धा चूक निघाली कीच ओळखते, घरातून निघायच्या आधी नाही. आणि इकडे पंख्याला हुकूम देणारं यंत्र माझंच होतं. पंखा वाढणार हे मला आधीच माहीत होतं, कॉइलला मात्र कोणी सांगत नव्हतं. पंख्याचा हुकूम निघाला की त्याच क्षणी कॉइललाही सांगायचं, की तुझ्यावर एवढी हवा येतेय, एवढी वीज जास्त घे. चूक व्हायची वाटच बघायची नाही.

किती हवेला किती वीज, हे कुठून आणायचं? तेही समोरच होतं, डोंगरदऱ्यांच्या त्या रेघेत. हवा किती वाढली की मामाचा पाय किती खाली जातो, हे त्यात लिहिलेलं होतं, बावीस वर्षांच्या सरावाचं. गुरुवारी सकाळी मी त्याला रीतसर पॅडलवर बसवलं आणि सगळ्या चालींची मापं घेतली. तेव्हा हेही कळलं, की पॅडलचं पहिलं बोटभर खाली जाणं पोकळ आहे, तिथवर झडप हलतच नाही. मामाला ते माहीत होतं, मला नव्हतं. मापं देताना त्यानं तीन वेळा चहा मागवला आणि किती हवेला किती वीज सांगणाऱ्या या चौथ्या आकड्याला मामा असं नाव द्यायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतर मी त्याला पॅकिंगच्या बायकांजवळ नेऊन बसवलं, यंत्रापासून लांब, पाय दिसतील असा. मग पुन्हा पहिल्यापासून आई, मामी, आत्या. या वेळी खऱ्या यंत्राबरोबर. कमी हवेला यंत्र आळशी, जास्त हवेला चपळ, म्हणून दोन्हींसाठी आकड्यांचे वेगळे संच. संध्याकाळी पाचला पंखा कसाही बदलला तरी तापमान दोन अंशांच्या पलीकडे जाईना. मी सहा वेळा करून बघितलं. दर वेळी मागे वळून मामाचे पायही मोजले, दोन्ही जागेवर होते.

शुक्रवारी दहाला तपासनीस आला. सडपातळ, शांत माणूस, गळ्यात स्टॉपवॉच लटकवलेलं. मालकीणबाईंनी आधीच ठरवलं होतं, की मामाला तेवढा वेळ दुकानात पाठवायचं, काहीही आणायला. पण तपासनीस म्हणाला, की रोज जो जिथे असतो तो तिथेच हवा, मला रोजचा दिवस बघायचाय. मामा तर स्टुलाकडे निघालाच होता. पॅडल काढून टाकावं म्हटलं तर झडपेला दुसरा आधार नव्हता, ती फडफडायला लागली असती.

मी मामाला बाजूला घेतलं आणि माझ्या आईची शपथ घालून सांगितलं, की पॅडलला पाय लावायचा नाही. काहीही झालं तरी. बाळं ढसाढसा रडली तरी. मामानं एका क्षणात शपथ घेतली, पण तिच्यावर विसंबायची सोय नव्हती, कारण माझ्या आईच्याच शपथेवर त्यानं आतापर्यंत तीन वेळा तंबाखू सोडली होती.

यंत्र गार होतं. तपासनिसानं स्टॉपवॉच दाबलं. एकोणऐंशी सेकंदांत एकशे साठ, वर गेलं फक्त एका अंशानं. मामी गप्प होती. त्यानं छोट्या बाटलीवरून मोठ्या बाटलीची हवा लावायला सांगितली. पंख्याचा सूर चढला, तापमान दीड अंश हललं आणि जागेवर आलं. उलट करायला सांगितलं, तेही झालं. अट अशी होती, की तीन अंशांपेक्षा जास्त हलायचं नाही. त्यानं कागदावर दोन खुणा केल्या आणि पेन खिशाला लावलं. मला वाटलं, संपलं.

तो शांतपणे यंत्राच्या बाजूला गेला आणि हवा आत घेणाऱ्या तोंडावरची गाळणीची चौकट त्यानं खटकन ओढून काढली.

ही चाल माझ्या वहीत नव्हती. हवा भसकन वाढली, पण पंख्याला कोणी हुकूम दिला नव्हता, त्यामुळे कॉइलला आधी सांगणारं कोणी नव्हतं. चौथा आकडा आंधळा झाला. आता फक्त त्या तिघी होत्या. एकशे एकोणसाठ. एकशे अठ्ठावन्न. पंख्याचा घरघराट बदलला होता, तो मलाही ऐकू येत होता, म्हणजे मामाला कधीच आला असणार. मी मामाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तपासनिसानंही बघितलं असतं. एकशे सत्तावन्न पॉइंट चार. तिथे आकडा थांबला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग वर सरकायला लागला. मोठ्या बाटलीवरचं बाळ दात दाखवत बाहेर आलं.

तपासनिसानं गाळणी परत लावली, तिसरी खूण केली आणि छान म्हणाला. त्याला आणि मालकीणबाईंना ऑफिसात चहा गेला. मी हात धुवायला मोरीकडे गेले आणि नळ चालू ठेवून थोडं रडून घेतलं.

दहा मिनिटंही झाली नव्हती. पॅकिंगच्या टेबलाकडून हशा ऐकू आला आणि पाठोपाठ मामाचा आवाज. तो सांगत होता, की ऐन वेळी यंत्र कोसळणारच होतं, पण हा पाय होता म्हणून. त्यानं पाय टेबलावर ठेवून दाखवला म्हणे. भाचीची नोकरी या अंगठ्यानं वाचवली, असंही म्हणाला. सहाजणींपैकी एकीला त्याच वेळी ऑफिसात बिस्किटं न्यायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा तपासनिसाच्या हातातला कप अर्धाच झाला होता आणि खुणा केलेला कागद त्यानं पुन्हा समोर घेतला होता. दारात पॅकिंगच्या बायका जमल्या होत्या. मालकीणबाईंनी आवाज न चढवता विचारलं, की मामा, तुम्ही पॅडल दाबलं का. दाबलं असेल तर तपासणी रद्द, आणि माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, बाकीचंही रद्द.

मामानं दाराकडे बघितलं. तिथे उभ्या असलेल्यांना त्यानं आत्ताच पाय दाखवला होता.

“नाही दाबलं,” तो म्हणाला. “मी काहीच केलं नाही. बसून होतो.”

कोणाचाही विश्वास बसला नाही. माझाही नाही. लांडगा आला म्हणून बावीस वर्षं ओरडल्यावर दुसरं काय होणार? मला संताप आला, की आता ही तिसरी नोकरीही तोंडानंच जाणार, फक्त या वेळी तोंड मामाचं. मग आठवलं की पॅडलखालचा सेन्सर मी काढलेलाच नाही. धावपळीत राहूनच गेला होता. मी म्हटलं, दाबलं की नाही ते बघता येईल. म्हटलं खरं आणि ग्राफ उघडला. त्यात काय निघेल ते मला माहीत नव्हतं.

वर तापमानाची रेघ, गाळणी काढली तिथे पडून पुन्हा वर आलेली. खाली पॅडलची रेघ. सपाट. पहिल्यापासून सपाट, पंखा वाढला तिथे सपाट, कमी झाला तिथे सपाट. फक्त एका जागी, तापमान एकशे सत्तावन्नकडे घसरत होतं बरोबर तिथे, एक बारीकसा उंचवटा होता.

तपासनिसानं त्याच्यावर बोट ठेवलं. मी खरं तेच सांगितलं, की पाय पॅडलवर टेकला आणि उचलला, पण पहिल्या बोटभर अंतरात झडप हलत नाही. तो उठला, यंत्रामागे गेला, पॅडल हातानं दाबून झडपेकडे बघत बसला, दोनदा, तीनदा. मग येऊन त्यानं कागदावर सही केली. यंत्र आपलं आपण चाललं, असं तो म्हणाला, आणि थंड झालेला चहा संपवला.

मालकीणबाईंनी माझं पत्र ड्रॉवरमधून काढलं. ते आधीच टाइप करून ठेवलेलं होतं, सही तेवढी बाकी होती. मी कायम झाले. दारातल्या बायका मात्र पत्राकडे बघत नव्हत्या. त्या मामाकडे बघून तोंडाला पदर आणि ओढण्या लावून हसत होत्या. काहीच न करणारा अंगठा एकीनं करून दाखवला. मामाही हसला, पण सुजलेल्या गालानं जेवढं येतं तेवढंच, आणि तिथून निघून गेला.

मला आनंद झाला होता आणि रागही गेला नव्हता. मी त्या ग्राफचा कागद छापून घेतला आणि स्टुलापाशी गेले. मामा फडकं घेऊन बसला होता, पण पुसत नव्हता. मी विचारलं, की दाबलं नव्हतंस तर दाबलं असं का सांगत सुटलास? माझी नोकरी जात होती, कळतं का तुला?

“त्या बायका विचारत होत्या, की मामा, तुम्ही काय केलं?” तो म्हणाला. “नुसता बसलो होतो असं सांगायची लाज वाटली गं.”

 मी कागद त्याच्या पुढ्यात धरला आणि त्या उंचवट्यावर बोट ठेवलं. माझा आवाज तोवर खाली आला होता. म्हटलं, हे काय आहे ते मला कळतंय.

मामानं कागद डोळ्यांजवळ नेला. 

“बावीस वर्षांत एवढं अवघड काम मी केलं नाही,” तो म्हणाला. “आणि कागदावर बघ. मुंगीएवढं.”

 त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण त्यानं तेवढा वेळ दिला नाही. कागदाची नीट घडी करून तो उठला आणि पॅकिंगच्या टेबलाकडे गेला, सहाजणींना मुंगी दाखवायला.